पिस्तूल शेवटचं कोणाच्या हातात होतं

कोजागिरीला आमची सात-आठ मराठी घरं जमतात. यंदा एका मैत्रिणीकडे होतो. दूध आटत होतं, पोरं खाली बेसमेंटमध्ये कॅरम खेळत होती. माझं डोकं सकाळपासून ठणकत होतं, तर मैत्रीण म्हणाली, "वर बेडरूममध्ये जा, पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये व्हिक्स आहे बघ." पलंगाच्या दोन बाजूंना दोन ड्रॉवर. मी उजवीकडचा उघडला. चष्म्याचं घर, रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट, चार्जरच्या वायरींचा गुंता, व्हिक्सची डबी आणि त्या डबीला टेकून एक काळं पिस्तूल.

डबी न घेताच मी ड्रॉवर बंद केला. वीस वर्षं अमेरिकेत राहून इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पिस्तूल पाहत होते. खाली येऊन मैत्रिणीला ओट्यापाशी गाठलं.

"अगं, घरफोड्या किती वाढल्यात," ती दूध ढवळत म्हणाली. "आपल्या लोकांकडे सोनं असतं हे चोरांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून ह्याने घेतलं."

"आणि तुझं सोनं कुठे असतं?"

"बँकेत. लॉकरला."

सोनं लॉकरला आणि पिस्तूल ड्रॉवरला. त्यांचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. माझ्या धाकटीच्याच वर्गात. मैत्रिणीचा नवरा आला तेव्हा मी त्यालाही विचारलं, भरलेलं आहे का? तो म्हणाला, "रिकामं ठेवून काय उपयोग? चोर काय गोळ्या भरेपर्यंत थांबणार आहे?" आणि मग, माझा चेहरा बघून, अगदी समजुतीच्या सुरात, "अगं, माझा मुलगा तसा नाही. तू ओळखतेस ना त्याला."

ओळखते. फार गोड मुलगा आहे. दोन आठवडे झाले, पण हे वाक्य डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले. हे वाक्य आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात, थोड्या वेगळ्या शब्दांत, एका आईने शपथेवर म्हटलं होतं. ती आता तुरुंगात आहे.

आम्ही ट्रॉयला राहतो, मिशिगनच्या ओकलंड काउंटीत. याच काउंटीच्या उत्तरेला ऑक्सफर्ड नावाचं गाव आहे, आमच्याकडून गाडीने अर्धा-पाऊण तास. ३० नोव्हेंबर २०२१ ला दुपारी १२ वाजून ५१ मिनिटांनी तिथल्या हायस्कूलच्या स्वच्छतागृहातून एक पंधरा वर्षांचा मुलगा पिस्तूल घेऊन बाहेर पडला. चार मुलं गेली. एक चौदा वर्षांची, एक सोळा, दोन सतरा. सहा मुलं आणि एक शिक्षिका जखमी झाली. त्या मुलाचं नाव मी लिहिणार नाही. इथे बरेच जण ते घेत नाहीत, मलाही ते बरोबर वाटतं.

त्या दुपारी मी ऑबर्न हिल्सला ऑफिसात होते. मीटिंग चालू असताना एक सहकारी फोन बघून उठली आणि चालू लागली. एक शब्द बोलली नाही. तिचा कोट खुर्चीवर तसाच राहिला, बाहेर चांगलीच थंडी होती. ती ऑक्सफर्डला राहते हे मला नंतर कळलं. तिचा मुलगा सुखरूप होता. माझा थोरला तेव्हा दहावीत, पंधरा वर्षांचा, म्हणजे गोळ्या झाडणाऱ्या मुलाच्याच वयाचा आणि इयत्तेचा. मी त्याला पाठवलेला मेसेज अजून फोनमध्ये आहे: "कुठे आहेस? लगेच उत्तर दे." त्या दुपारी काउंटीतल्या प्रत्येक आईच्या फोनमध्ये असाच काहीतरी मेसेज असेल.

एका आईच्या फोनमधला मेसेज मात्र वेगळा होता. जेनिफर क्रम्ब्ली या बाईने १ वाजून २२ मिनिटांनी आपल्या मुलाला लिहिलं होतं, "असं करू नकोस." आणि १ वाजून ३७ मिनिटांनी तिच्या नवऱ्याने, जेम्सने, पोलिसांना फोन केला, की घरातलं पिस्तूल जागेवर नाही आणि गोळ्या झाडणारा माझा मुलगा असू शकेल. गोळीबार आपल्याच मुलाने केला हे अजून कोणी त्यांना सांगितलेलं नव्हतं. पण दोघांनाही कळलं होतं.

ते पिस्तूल चार दिवसांपूर्वी, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी, ब्लॅक फ्रायडेला विकत घेतलेलं होतं. बाप मुलाला बरोबर घेऊन दुकानात गेला होता. दुसऱ्या दिवशी आई त्याला नेमबाजीच्या रेंजवर घेऊन गेली आणि इन्स्टाग्रामवर तिने लिहिलं, की आज मायलेकाचा दिवस, त्याची ख्रिसमसची नवी भेट वापरून बघतोय. सोमवारी वर्गात हा मुलगा फोनवर गोळ्या शोधताना शिक्षिकेला दिसला. शाळेने आईला निरोप ठेवला. आईने मुलाला मेसेज केला, की मी काही चिडलेले नाही, पकडलं जायचं नाही हे तुला शिकायला हवं. सुरुवातीलाच हसण्याची अक्षरं.

मंगळवारी सकाळी त्याने गणिताच्या कागदावर पिस्तुलाचं चित्र काढलं. रक्ताळलेला माणूस काढला. शेजारी लिहिलं, "विचार थांबत नाहीत. मला मदत करा." शाळेने आईवडिलांना बोलावून घेतलं. समुपदेशकाने सांगितलं, मुलाला उपचारांची गरज आहे, शक्य तर आजच घेऊन जा. आई म्हणाली, आज जमणार नाही, मला कामावर परत जायचंय. काही मिनिटांत बैठक संपली. मुलगा वर्गात गेला, आई ऑफिसला गेली, बाप घरोघरी जेवण पोचवायच्या आपल्या कामाला लागला. पिस्तुलाचा विषय दोघांपैकी कोणीही काढला नाही. घरात पिस्तूल घेतलंय हे माहीत असलेली माणसं त्या खोलीत तीनच होती, आणि तिघंही गप्प होती. मुलाचं दप्तर शाळेतल्याच एका अधिकाऱ्याने वर्गातून आणून त्याच्या हातात दिलं होतं. ते कोणी उघडलं नाही. पिस्तूल दप्तरातच होतं.

मी हे सगळं खटल्याच्या वेळी पुन्हा पुन्हा ऐकलं. रोज, स्वयंपाक करताना, कानात इअरफोन घालून. नवरा म्हणायचा, कशाला त्रास करून घेतेस? त्याला मी कारण सांगितलं नव्हतं. आता सांगते, आणि थोरल्याला विचारूनच सांगते.

तो सातवीत असताना, २०१९ च्या फेब्रुवारीत, आम्हालाही शाळेतून फोन आला होता. इंग्रजीच्या वहीत त्याने एक वाक्य पानभर लिहिलं होतं: "मला इथे असायचं नाही." तेच वाक्य, ओळीखाली ओळ, नीट अक्षरात. समुपदेशक बाईंनी ती वही माझ्यासमोर ठेवली. मला आठवतंय, मी आधी अक्षर पाहिलं आणि मनात म्हटलं, बरं काढलंय. मग वाचलं. बाईंनी थेरपिस्टांच्या फोन नंबरांची यादी दिली. अकराला माझी एका ग्राहकाबरोबर मीटिंग होती आणि पावणेअकरा झाले होते. मी म्हटलं, इथला हिवाळा त्याला सोसत नाही, मित्रही दुसऱ्या वर्गात गेलेत, मी बघते. आणि निघाले. थोरला वर्गात परत गेला. जाताना काचेच्या दारातून त्याने वळून पाहिलं होतं, मी हात केला होता.

ती यादी माझ्या पर्समध्ये पाच आठवडे होती. किराण्याच्या पावत्यांबरोबर. पहिला फोन मी मार्च संपताना केला.

तो सावरला. त्याला एक चांगली बाई भेटली, दीड वर्ष तो तिच्याकडे जात होता. आज एकोणीस वर्षांचा आहे, कॉलेजात आहे. हे लिहू का विचारलं तर म्हणाला, "लिही. पण मी कोणाला मारायचा विचार करत नव्हतो हे पण लिही." लिहिलं. त्याचं दुखणं स्वतःपुरतं होतं. पण त्या फेब्रुवारीत आमच्या घरात, माझ्या मैत्रिणीसारखंच, पलंगाशेजारी पिस्तूल असतं तर मी काय गमावून बसले असते याचा विचार मी पुरता करू शकत नाही.

म्हणून क्रम्ब्ली दांपत्यावर खुनाजवळ जाणारा गुन्हा दाखल झाला तेव्हा मला आधी भीती वाटली. घटनेनंतर तीनच दिवसांनी, ३ डिसेंबरला, काउंटीच्या सरकारी वकील कॅरेन मॅक्डॉनल्ड यांनी दोघांवर मनुष्यवधाचे चार-चार आरोप ठेवले. हेतू नसताना, घोर निष्काळजीपणाने झालेला मनुष्यवध. शाळेतल्या गोळीबारासाठी अमेरिकेत आईवडिलांवर असा आरोप याआधी कधी सिद्ध झालेला नव्हता. मला वाटलं, कामावर परत जाणाऱ्या आईला तुरुंगात घालायचं ठरवलं तर मी पण त्याच रांगेत आहे.

खटला ऐकता ऐकता ही भीती हळूहळू बदलली. सरकारी पक्षाने जूरीपुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. एक, हत्यार आणि गोळ्या मुलाच्या हाती लागतील अशा ठेवल्या. दुसरी, मुलाला आवरण्याचं पालक म्हणून जे कर्तव्य होतं ते केलं नाही. दुसरी वाट मला आजही घाबरवते. ती फार रुंद आहे, तिच्यात कोणालाही ढकलता येईल. पण पहिली वाट अरुंद आणि स्पष्ट आहे. पिस्तुलाबरोबर केबलचं कुलूप मिळतं. नळीतून ओवायची तार आणि एक किल्ली. लावायला काही सेकंद लागतात. क्रम्ब्लींच्या घरात ते प्लास्टिकच्या पाकिटात तसंच सापडलं, न उघडलेलं. दुसरी हत्यारं ज्या तिजोरीत होती तिचा आकडा कारखान्यातून आला तसाच होता. शून्य, शून्य, शून्य.

६ फेब्रुवारी २०२४ ला जेनिफर दोषी ठरली. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून निकाल ऐकला. जूरीच्या प्रमुख बाईंनी नंतर सांगितलं, की पिस्तूल ज्या शेवटच्या मोठ्या माणसाच्या हातात होतं ती जेनिफर होती, आणि हेच त्यांच्या मनात ठसलं. रेंजच्या कॅमेऱ्यात पिस्तुलाची पेटी घेऊन ती बाहेर पडताना दिसते. आई म्हणून ती कशी होती यापेक्षा हा प्रश्न मला कितीतरी बरा वाटतो. याला उत्तर आहे, आणि ते मोजता येतं.

मात्र या खटल्यात एक गोष्ट मला फार खटकली. जेनिफरच्या खटल्यात तिचे विवाहबाह्य संबंध निघाले, तिचे घोडे निघाले, आठवड्यातून किती वेळा ती तबेल्यात जायची ते निघालं. त्या संबंधांचा त्या कुलपाशी काय संबंध? बाप महिन्याभराने, १४ मार्चला, दोषी ठरला. पिस्तूल विकत घेणारा तो. पण तो नवरा म्हणून कसा होता याची एवढी उलटतपासणी झालेली मला आठवत नाही. बाई आरोपी असली की तिचं सगळं घरच पंचनाम्याला निघतं, मग ते पुणे असो की हा खटला चालला ते पॉन्टिॲक. ती दोषी आहे असं मला वाटतं, आणि तरीही तिच्यावर हा अन्याय झाला असंही वाटतं.

जेनिफरच्या निकालानंतरच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर आई-बाबांना हे सांगितलं. आई-बाबा चिंचवडला असतात. आईने लगेच लहानपणीची गोष्ट काढली, चोराने आईचा कान चावल्याची. फाशीच्या आधी चोर म्हणतो, आईला भेटू द्या, आणि कानात काही सांगायच्या निमित्ताने कानच तोडतो. म्हणतो, पहिली चोरी केली तेव्हाच दटावलं असतंस तर आज इथे नसतो. "त्या बाईने लिहिलंच ना, पकडला जाऊ नकोस म्हणून," आई म्हणाली. "मग?" बाबांनी मागून हात हलवला. ते म्हणाले, "आणि वाल्याचं काय? बायकापोरांनी साफ सांगितलं, तुझ्या पापात आम्ही वाटेकरी नाही. पाप ज्याचं त्याचं. उद्या शेजारच्याने दगड मारला तर माझी मान धरणार का?" अर्धा तास दोघं माझ्याशी बोलायचं सोडून एकमेकांशी भांडत होते.

९ एप्रिलला न्यायाधीश शेरिल मॅथ्यूज यांनी दोघांना शिक्षा सुनावली, किमान दहा आणि कमाल पंधरा वर्षं. या गुन्ह्याला यापेक्षा जास्त देताच येत नाही. मार्गदर्शक तक्त्यात किमान मुदत ४३ ते ८६ महिने येत होती, त्या तिच्या पुढे गेल्या. न्यायाधीशांनी म्हटलं, की आईवडिलांना मनातलं ओळखता यावं अशी कोणाची अपेक्षा नाही, आणि ही शिक्षा वाईट संगोपनाची नाही. सुसाट सुटलेली गाडी थांबवता येईल अशा संधी वारंवार आल्या आणि वारंवार सोडल्या गेल्या, त्याची ही शिक्षा आहे. मला हे पटतं. मुदत जास्त वाटते, पण ज्यांच्या घरातली ताटं कमी झाली त्या चार घरांसमोर उभं राहून मी ते म्हणू शकणार नाही.

एका गाठीपाशी मी अजून अडकलेली आहे. मुलावर प्रौढ म्हणून आरोप ठेवले गेले. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला जन्मठेप झाली, पॅरोलची आशा नसलेली. म्हणजे तो आपल्या कृत्याला पूर्ण जबाबदार. आणि दोन महिन्यांनी त्याच्या आईला दोषी ठरवलं ते तो मूल होता, त्याला आवरणं तिचं काम होतं, या आधारावर. पंधरा वर्षांचा मुलगा एका खटल्यात मोठा आणि दुसऱ्या खटल्यात लहान. त्याच्या डायरीत लिहिलेलं होतं, की मला काहीच मदत मिळत नाही आणि म्हणून मी हे करणार आहे. ते पान दोन्ही खटल्यांत वाचलं गेलं, एकदा त्याच्या विरुद्ध आणि एकदा त्याच्या आईवडिलांविरुद्ध. आईवडील इतके दोषी असतील तर मुलाची आयुष्यभराची कोठडी थोडी तरी कमी व्हायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. इथे कोणापुढे बोलले तर लोक अंगावर येतात.

शाळेतल्या कोणावरही फौजदारी गुन्हा दाखल झाला नाही, हेही सांगायला हवं. दप्तर त्यांच्या हातात होतं.

मग हे लोण पसरलं. सप्टेंबर २०२४ मध्ये जॉर्जिया राज्यात विंडर गावच्या शाळेत चौदा वर्षांच्या मुलाने चौघांना मारलं, दोन विद्यार्थी आणि दोन शिक्षक. रायफल बापाने नाताळात भेट दिलेली होती. बापावर मनुष्यवधाबरोबर खुनाचेही आरोप ठेवले गेले. त्याच्या आधी व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजमध्ये सहा वर्षांच्या मुलाने, सहा, पहिलीतल्या मुलाने, आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली होती. ती वाचली. त्याच्या आईला राज्याच्या कोर्टाने दोन वर्षं आणि केंद्राच्या कोर्टाने एकवीस महिने दिले. ती तरुण आहे, कृष्णवर्णीय आहे. इलिनॉयमध्ये, ४ जुलैच्या मिरवणुकीवर गोळीबार करून सात माणसं मारणाऱ्या तरुणाच्या बापाने मुलाच्या बंदूक परवान्याच्या अर्जावर सही केली होती. त्याला साठ दिवस मिळाले. प्रकरणं वेगळी, कायदे वेगळे, मला कळतं. पण हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की मनात येतं, की हा नवा रस्ता रुळला की त्यावरून जास्त कोणाला नेलं जाईल? ज्यांना वकील परवडतो त्यांना नक्कीच नाही.

क्रम्ब्लींच्या शिक्षेचा, २०२४ चा तो एप्रिल संपला आणि मे महिन्यात पुण्याहून फोन. १९ मे, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, महागडी पोर्श, पहाटे अडीच वाजता दुचाकीवरचे दोन तरुण इंजिनीअर गेले. मुलाला काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध. तो गोळीबार नव्हता, अपघात होता, पण माझ्या डोक्यात प्रश्न तोच आला: किल्ली कोणाच्या हातात होती? आपल्याकडचा कायदा याबाबतीत अमेरिकेपेक्षा जास्त थेट आहे, हे तेव्हा वाचताना कळलं. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९९ अ हे कलम आलं. अल्पवयीनाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड. आपल्याला माहीत नव्हतं, किंवा आपण रोखायचा प्रयत्न केला होता, हे सिद्ध करायचं ओझं पालकावर.

बाबा, ते वाल्या कोळीवाले बाबा, त्या आठवड्यात फोनवर थरथरत होते. "आधी बापाला आत टाका!" मी त्यांना फेब्रुवारीतल्या बोलण्याची आठवण करून दिली नाही. बाप दोन दिवसांत पकडला गेला. पुढे आई पण पकडली गेली, रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून. घटनेनंतर मुलाला वाचवायला धावणं आणि घटनेच्या आधी त्याला अडवायला धावणं यात किती अंतर असतं. पहिलं आपल्याला प्रेम वाटतं. दुसऱ्याला आपण कटकट म्हणतो.

मिशिगनमध्ये आता कायदा आहे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून, ज्या घरात अल्पवयीन मूल असतं किंवा येण्याची शक्यता असते तिथे हत्यार कुलपात किंवा कुलूप लावून ठेवावंच लागतं. नाही ठेवलं आणि मुलाच्या हातून कोणाचा जीव गेला तर पंधरा वर्षांपर्यंत शिक्षा. कायदा लागू झाला त्याच आठवड्यात फ्लिंट शहरात दोन वर्षांच्या मुलीच्या हाती घरातलं भरलेलं पिस्तूल लागलं आणि ती स्वतःच गंभीर जखमी झाली. तिच्या वडिलांवर या कायद्याखालचा पहिला गुन्हा दाखल झाला. ऑक्सफर्डच्या वेळी हा कायदा असता तर मनुष्यवधाच्या इतक्या ओढाताणीची गरजच पडली नसती. मला हेच हवं आहे. मुलाचं मन वाचता आलं नाही म्हणून कोणाला पकडू नका, मलाही आलं नव्हतं. मुलाच्या हाताला लागेल असं हत्यार ठेवलंत का, एवढं विचारा, आणि गोळी सुटायच्या आधी विचारा.

म्हणून कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला फोन केला. आदल्या रात्री सगळ्यांसमोर विषय वाढवला नव्हता. मी म्हटलं, धाकटी पुढच्या शुक्रवारी तुमच्याकडे राहायला येणार आहे ना, तर ती येणार नाही. ड्रॉवरला कुलूप लागेपर्यंत नाही. ती दुखावली. "म्हणजे आमच्यावर विश्वास नाही?" मी तिला वहीची गोष्ट सांगितली. सहा वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तू आम्हाला म्हणाली होतीस की तो गणिताच्या शिकवणीला जातो."

हो. दीड वर्ष दर मंगळवारी तो "गणिताच्या शिकवणीला" जात होता. आपल्यात असंच सांगतात.

मी तिला कायदा सांगितला, पंधरा वर्षं सांगितली. केबलचं कुलूप बऱ्याच पोलीस ठाण्यांत फुकट मिळतं हे सांगितलं. तिने नवऱ्याला फोन दिला. त्याने पुन्हा तेच म्हटलं, आमचा मुलगा तसा नाही. मी म्हटलं, जेनिफरने कोर्टात सांगितलं होतं, की आपण जन्मभर मुलाला जगापासून सांभाळत असतो, आपल्याच मुलापासून दुसऱ्यांना सांभाळावं लागेल असं कधी मनातही येत नाही. तो यावर काही बोलला नाही. नंतर म्हणाला, "तेरा वर्षांचा आहे गं तो. पोकेमॉनची कार्डं जमवतो अजून."

परवा मैत्रिणीचा फोन आला. छोटी तिजोरी मागवली होती, आकड्यांची, पलंगाखाली बसेल अशी. पिस्तूल तिच्यात गेलं, गोळ्या वेगळ्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर. "झालं तुझं समाधान?" ती म्हणाली, पण रागाने नाही.

मी विचारलं, "आकडा काय ठेवलाय?"

"त्याचा वाढदिवस. म्हणजे लक्षात राहतो."

मी काहीच बोलले नाही. तिच्याही लक्षात आलं. "थांब," ती म्हणाली, आणि मला तिची पावलं जिन्यावर ऐकू आली. मग बटणांचे बीप. मध्येच थांबून म्हणाली, "अगं, पण त्याला माहीत नाही असा आकडा आणू कुठून? त्याला आमच्या सगळ्यांच्या सगळ्या तारखा पाठ आहेत."